एकाच सुरातले दोन ऑसिलेटर

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

विद्याधरने माझा ऑसिलेटर ढापला.

बंगळूरच्या कंपनीला जाणाऱ्या रिपोर्टचं पहिलं पान, ठळक अक्षरं — डिझाइन आणि मोजमाप: विद्याधर कामेरकर. माझं नाव शेवटच्या पानावर. ज्यांनी डबे रंगवले आणि स्क्रू बसवले त्यांच्या यादीत, चौथं.

चौदा महिने! अकरा बोर्डांची वाट लावली तेव्हा बारावा जमला. रेडिओची लहर जिथे जन्मते तो हा काडेपेटीएवढा डबा. व्होल्टेज बदललं की लहर वर-खाली सरकते, आणि सरकतानाही ती थरथरता कामा नये. सगळी मेख तिथे. थरथर जितकी कमी, तितका उणे आकडा मोठा. त्यांना हवा होता उणे एकशे वीस. मी काढून दाखवला उणे एकशे अठ्ठावीस. आणि हा माणूस मुलुंडच्या आमच्या गाळ्यात आला तेव्हा सोल्डरिंग आयर्न कुठून धरायचं हे मी शिकवलं होतं त्याला.

४ फेब्रुवारी

त्याच्याशी बोलले नाही. त्याला ते कळलंही नाही.

६ फेब्रुवारी

आज विचारलंच. हर्षदभाईंसमोर, म्हणजे मालकांसमोरच. विद्याधर हसला. "अगं प्रेमा, टीमचं काम आहे ना यार. कस्टमरला एकच चेहरा लागतो. तुला तर मीटिंगमध्ये बोलायला आवडत नाही." भाई म्हणाले, "प्रेमाबेन, घरचीच गोष्ट आहे, आता कशाला मनावर घेता?" आणि फोन उचलला.

मला बोलायला आवडत नाही! मला कुणी कधी बोलावलं?

परत येऊन टेबलाशी बसले. गंधाली — वर्षभरापूर्वी आलेली आमची ज्युनिअर — गुपचूप चहा ठेवून गेली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्या नाही. मी फक्त ठरवलं. याचा वचपा काढायचा. कसा ते माहीत नव्हतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

सापडलं.

नीट लिहून ठेवते, कारण हे फक्त इथेच लिहिता येईल.

इतकी कमी थरथर मोजायला आमच्याकडे महागडं यंत्र नाही. म्हणून आपण एकसारखे दोन ऑसिलेटर घेतो, समोरासमोर लावतो आणि दोघांमधला फरक मोजतो. मध्ये आयसोलेटर लावायचा असतो, म्हणजे एकाची लहर दुसऱ्यात शिरत नाही. डिसेंबरात मोजलं त्या दिवशी आयसोलेटर दुसऱ्या टेबलावर अडकला होता. मी साध्या अ‍ॅटेन्युएटरवर भागवलं, जो लहर अडवत नाही, नुसती क्षीण करतो. पुरेल असं वाटलं. बावीस वर्षं हेच काम करते आणि घाई केली.

आज सहज त्यातल्या एकाचं व्होल्टेज किंचित बदललं. फरक दिसायला हवा होता. दिसला नाही. मोजताना दोघांना एका सुरात ठेवायला मुद्दाम एक वायर जोडतो, ती काढून टाकली. तरी काही नाही. पहिला सरकला की दुसरा त्याच्या मागोमाग! दोघांनी एकमेकांना धरून ठेवलं होतं. दोघं थरथरत होते, पण एकत्रच, त्यामुळे फरक शून्याजवळ. मी तो फरक मोजला आणि खूश झाले.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर आयसोलेटर लावून मोजलं. उणे एकशे चौदा.

माझा आकडा खोटा आहे. चौदा महिन्यांचा माझा आकडा. जेवले नाही. रडले थोडी.

आणि मग, डबा पुन्हा बंद करताना, लक्षात आलं — आकडा माझा कुठे आहे? तो तर विद्याधरचा!

११ फेब्रुवारी

आज फार दिवसांनी भूक लागली. आईने सुरमई तळली होती. म्हणाली, "काय गो, आज इतक्या कित्याक हसतस?" काही नाही म्हटलं.

पंचवीस तारखेला बंगळूरवाले येणार. त्यांचं यंत्र घेऊन येणार, इथेच मोजणार. त्यांच्या यंत्राला कुणी फसवू शकत नाही. खोटा आकडा देणाऱ्याची ते काय गत करतात ते ठाऊक आहे मला. दोन वर्षांपूर्वी अंधेरीच्या एका इंजिनिअरला त्यांनी भर मीटिंगमधून उठवलं होतं. त्यानंतर या धंद्यात त्याला कुणी दारात उभं केलं नाही.

मी काहीच करणार नाही. फक्त गप्प बसणार. मला बोलायला आवडत नाही ना!

१३ फेब्रुवारी

गंधालीने विचारलं, "ताई, ते लोक यायच्या आधी एकदा आयसोलेटर लावून मोजूया का? आता रिकामा आहे तो." पोरगी हुशार आहे. म्हटलं, "नको. सेटअप हलवला तर पुन्हा जुळवण्यात दोन दिवस जातील." लगेच ऐकलं तिने. माझ्यावर तिचा फार विश्वास आहे.

सोमवारच्या मोजमापाचा कागद फाडून टाकला.

१७ फेब्रुवारी

विद्याधरने नवा कोट शिवायला टाकला आहे. निळा. फोनवर सगळ्या दुनियेला सांगत सुटलाय — "अरे, एकशे अठ्ठावीस! झकास काम झालंय." मी टेबलावरून ऐकते. एकदाही चीड आली नाही. उलट मजा वाटली. बोल, अजून बोल. जितका वर चढशील तितका जोरात पडशील.

१९ फेब्रुवारी

आज तो माझ्या टेबलाशी आला. इकडेतिकडे बघून, हळूच — "प्रेमा, नंबर पक्का आहे ना गं?"

घाबरला होता. कपाळावर घाम. मोठ्या मुलीचं बारावीचं वर्ष आहे म्हणून रजा नाही घेत, असंही काहीतरी बोलला. तिचा जन्म झाला तेव्हा मी पेढे खाल्लेत त्याच्या हातचे. क्षणभर तोंडाशी आलं.

मी विचारलं, "रिपोर्टवर नाव कुणाचं आहे?"

"माझं."

"मग पक्का."

तो हसला. त्याला ती मस्करी वाटली. खांद्यावर थाप मारून गेला. ती थाप अजून जाणवते आहे. वाईट वाटलं का? थोडंसं. पण चौथं नाव आठवलं की ते थोडंसंही जातं.

२१ फेब्रुवारी

अजून चार दिवस. कोणती साडी नेसायची तेही ठरवलं. मागच्या खुर्चीवर बसणार, तिथून त्याचा चेहरा नीट दिसतो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

संध्याकाळी भाईंनी केबिनमध्ये बोलावलं. विद्याधर आधीच तिथे, मान खाली. गंधाली दाराशी, नाक लाल, पण चेहरा उजळलेला. शनिवारी ती भाईंच्या घरी गेली होती. ताईंवर अन्याय झालाय, नाव बदललं नाही तर मी नोकरी सोडते, असं सांगून आली. भाई म्हणाले, "प्रेमाबेन, चूक झाली. माफ करा." विद्याधरही म्हणाला. मनापासून म्हणाला, माझ्याकडे बघून.

नवा रिपोर्ट दुपारीच बंगळूरला गेला. पहिल्या पानावर एकच नाव आहे. उद्या दहा वाजता आकडा मी सांगायचा आहे.