माल आणाले नागपूरले गेले

आई,

तू गेली त्याले एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुले कधी दोन ओळी लिहिल्या नाई, अन् आज लिहून राह्यलो ते भांडाले. तुह्यावर माहा राग आहे. चौथीत होतो मी. तू चुलीपाशी भाकरी थापत होती अन् मी तुह्या बाजूले बसून शुद्धलेखन काढत होतो. शाळेतले एक मास्तर दारात आले, पोरीच्या लग्नाचं कापड घ्याचं होतं त्यायले, दुकान बंद काऊन म्हणून विचारत होते. मी आपलं सरळ सांगून टाकलं, बाबा मधल्या खोलीत पिऊन पडले आहे. तू पिठाच्या हातानं मले मागे ओढलं अन् हसत म्हणाली, "काय बह्याड पोट्टं आहे मास्तर! ते तर माल आणाले नागपूरले गेले." मास्तर वळले तशी तू अशी ठेवून दिली की गालावर पीठ उमटलं. "घरातलं दाराबाहेर न्याचं नाई," म्हणाली, "अन् हे अक्षर पाह्य, कोंबडीनं उकरल्यासारखं. सरळ काढ." दुसऱ्या दिवशी मात्र तूच शाईचा पेन आणून दिला. मी तो पेन मिरवला अन् ते नागपूरचं वाक्य पाठ केलं.

आपला जिल्हा दारूबंदीचा, तेव्हा इथे कोणी पीतच नाई. सगळ्यायचे बाप कुठे ना कुठे गेलेले असते. आपले नागपूरले. खरंच तेवढ्या वेळा माल आणला असता तर दुकानावर दोन मजले चढले असते, आई.

ते दुकान आता माह्याकडे आहे. मधली खोलीही. मागच्या महिन्यात सावंगीच्या डॉक्टरनं सांगतलं की आता थांबा, नाई तर संपलं. तिथल्या सिस्टरनं एका कागदावर लिहून दिलं, नालवाडीत शाळेमागची खोली, दर रविवारी पाच वाजता, दारू सोडणारे लोक जमतात. कागद खिशात घालून मी घरी आलो अन् पिऊन झोपलो. अर्धवट झोपेत ऐकलं, दारात कोणीतरी आलं. माही पोरगी, नऊ वर्षांची, चटकन म्हणाली, "पप्पा माल आणाले नागपूरले गेले." तिले हे कोणी शिकवलं, मले ठाऊक नाई. बायको आत आली, रडली नाई, ओरडली नाई. "तीन रविवार देते," म्हणाली. "त्या खोलीत जाजा. नाई तर पोरीले घेऊन मी पवनारले माहेरी जाते, अन् मग परत येत नाई."

पहिल्या रविवारी गेलो. खोलीवर पाटी नाई, पाटी लावणार कोण? पानठेल्यावर गेलो, आजूबाजूले पाह्यलं, आवाज खाली केला अन् विचारलं, "ते पिणारे लोक जमतात, ती जागा कोणती?" आपल्याकडे असं खालच्या आवाजात एकच गोष्ट विचारतात. त्यानं मान न उचलता सांगतलं, "मागच्या गल्लीत जा भाऊ. निळं दार आहे, दोनदा वाजवजा." दारापाशी पोहोचलो तेव्हाच मोहाच्या दारूचा वास आला. मले समजलं, आई. त्याची चूक झाली हे मले तिथेच समजलं. तरी मी दोनदा वाजवलं. घरी येऊन सांगतलं, जाऊन आलो. खोटं कुठे होतं त्यात?

दुसऱ्या रविवारी नळावर भांडे घासणाऱ्या एका बाईले विचारलं. ती अख्ख्या गल्लीले ऐकू जाईल अशी बोलली, "दारू सोडनारे काय? त्या निंबाखालची खोली पाहा, चपला दिसून राह्यल्या!" लाजेनं मेलो, पण गेलो. आठ-नऊ माणसं सतरंजीवर बसली होती, मधे चहाची किटली. एकेक जण सांगत होता, मी पितो, मी असा पितो, माह्या घरी असं झालं. इतक्या मोठ्यानं! घरातलं सगळं दाराबाहेर, अन् कोणी कोणाच्या गालावर ठेवून देत नव्हतं. माही पाळी आली. तोंडातून निघालं, "मी भावासाठी आलो. लहान भाऊ पितो माहा." कोणी हसलं नाई. कोपऱ्यातला एक बुढा माह्या थरथरत्या कपाकडे पाहत म्हणाला, "भावाले सांगजा, पुढच्या रविवारी येजो म्हना. आमच्यातलेही बरेच पह्यले भावासाठीच आलते."

मले भाऊ नाई, हे तुले सांगाले पाह्यजे का? तू शिकवलेलं वाक्य मी इतकं गिरवलं की दुसरं वाक्य येतच नाई. तुले तरी कोणी दुसरं शिकवलं होतं, म्हणा. तू एकटीच दार धरून उभी होती. राग येते अन् मग तुहा पिठाचा हात आठवते, अन् राग कुठे ठेवू तेही समजत नाई.

आज तिसरा रविवार. साडेचार वाजले. बायकोनं माहा धुतलेला शर्ट खाटेवर ठेवला आहे, अन् तिची बॅगही भरून दारापाशी आहे. पोरगी बॅगवर बसून पाय हालवून राह्यली. त्या दोघींले वाटते मी आत तयारी करतो. हे पत्र टाकाले पत्ता नाई, ते तुह्या लोखंडी पेटीत जाईल, लुगड्याखाली.

अक्षर पाह्य, आई. एकही ओळ हालली नाई. हात थरथरू नये म्हणून लिहाले बसाच्या आधी दोन गिलास घेतले.