बोडका पलंग

आत्याबाई,

माझी नात, म्हणजे तुमची पणती, नागपुरात भाड्याच्या खोलीत राहते. तिच्या पलंगाला उशाकडे फळीच नाही. नवी बसवायची तर जवळजवळ पलंगाएवढेच पैसे पडतात म्हणे, म्हणून स्वस्तात काय काय करता येतं याची चित्रं ती काल फोनमध्ये बघत बसली होती. मला म्हणाली, "आजी, तुमच्या वेळी काय लावायचे?" मी तिला चटई, तट्टा, पोतं, लुगडं असं एकेक सांगत गेले आणि ती हसत हसत लिहून घेत गेली. सगळं सांगितलं, एक गोष्ट सोडून. ती तिला सांगायच्या आधी तुम्हाला सांगायला हवी, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, तेव्हा घाई तशी काहीच नाही.

माझ्या लग्नात आंदण म्हणून द्यायला बाबांनी आमच्या दिघोरीच्या बांधावरचा साग पाडून पलंग करायला घेतला. सगळ्यात आधी त्यांनी तुमच्या, म्हणजे माझ्या सासरच्या, घराच्या दाराचं माप मागवलं. आपल्या झाडीपट्टीतली जुनी घरं, दारं बुटकी आणि अरुंद. पलंग आडवा करून आत न्यायचा तर उशाची फळी जेवढी उंच, तेवढी तरी दाराची रुंदी पाहिजे. मोहाडीकडून येणाऱ्या एका सोयऱ्याबरोबर तुमचा निरोप आला, "दार दोन हात आन चार बोटं." टेप कोणाच्या घरी होता तेव्हा? गावचा वाढई आमच्या अंगणात बसून काम करायचा. त्याने स्वतःच्या कोपरापासून बोटांपर्यंत दोन हात मोजले, वर चार बोटं धरली आणि फळी कोरली. मधोमध मोर, दोन्ही बाजूंना वेली. गावातल्या बायका मुद्दाम बघायला येत, आणि मी कामाचं निमित्त काढून तिथेच घुटमळत असे.

तो पलंग बैलगाडीतून तुमच्या दारात आला आणि चौकटीत अडला. आडवा केला, तिरपा केला, पाय पुढे करून पाहिला. कोणी म्हणालं, चौकटच काढू, मातीची भिंत आहे, दोन दिवसांत लिंपून होईल. तेव्हा तुम्ही कमरेला पदर खोचून पुढे आलात. "आज घरात सून आली. आज चौकट काढाची नाई," तुम्ही म्हणालात. "दाराले मोठं करता येत नाई, फळीले लहान करता येते. आना करवत." मी आतल्या खोलीत पाटावर बसलेली आहे. हळद अजून अंगावर आहे, आणि बाहेर करवत चालू आहे. फळी धरणारा एक खांब कापायला किती वेळ लागतो ते मला त्या दिवशी कळलं, आणि खांब दोन होते. फळी माळ्यावर गेली, पुढे कधीतरी धानाच्या ढोलीवर झाकण म्हणून पडली. चार दिवसांनी बाबा मला न्यायला आले. कापलेल्या खांबांवरून त्यांनी हात फिरवला आणि तुम्हाला म्हणाले, "बरं केलं इहीनबाई. दारच लहान होतं." त्यांनी चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवून दिला. मी तेव्हाच ठरवलं की या बाईशी कामापुरतं बोलायचं. माझ्या बापाची मान या बाईने दारात कापली, असं मी मनात म्हणत असे. मला राग लवकर येतो आणि गेला तर सावकाश जातो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

शेजारणी त्याला बोडका पलंग म्हणायच्या. भिंतीला पांढरी माती लावलेली, टेकलं की पाठ पांढरी. मी तळ्यावर धुणं घेऊन गेले की बायका पाठ बघूनच हसायच्या. मग एक दिवस तुम्ही न बोलता दोन खिळे ठोकलेत आणि पलंगामागे शिंदीची चटई टांगलीत. तिच्या काड्या माझ्या केसांत अडकत. मी तक्रार केली नाही, नुसती सकाळी सगळ्यांसमोर केसांतून एकेक काडी काढत बसले. पुढच्या बाजारातून तुम्ही बुरडाकडून बांबूचा तट्टा आणलात. तो दिसायला छान होता, पण "तुया नवऱ्याच्या पाठीवर चौकटी उमटल्या वो," असं तुम्हीच मला दाखवलंत आणि स्वतःच खो खो हसलात. मला हसू आलं होतं, मी ते गिळलं. तिसऱ्या खेपेला धानाचं वाळलं तणस भरून पोतं शिवलंत. मऊ होतं, मान्य करते. पंधरा दिवसांत त्यात उंदरीण व्याली. इतकं सगळं एक बाई एका फळीसाठी करते तेव्हा तिच्या मनात काय चाललं असेल, हे मला कळत होतं, आणि कळत असूनही मी ढिम्म होते.

मग बाळ झालं. पावसाळ्याचे दिवस, भिंत ओल धरून बसलेली, आणि मला रात्रंदिवस टेकून पाजायचं. तुम्ही तुमचं हिरवं लुगडं काढलंत, अजून वर्षभर सहज नेसता आलं असतं असं. तणस विळीवर बारीक कापलंत, उंदरासाठी त्यात वाळलेला कडुनिंब मिसळलात. दुपारी पडवीत समोरासमोर बसून आपण ते लुगड्यात भरून दाभणाने टाके घातले, वरच्या कडेला नाड्या लावल्या, म्हणजे पलंगामागे आडव्या बांबूवर टांगता येईल आणि काढून उन्हातही टाकता येईल. बाळ मध्ये झोपलं होतं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "एक सांगू काय वो? दाराचं माप मीनंच देल्लं होतं. माया हातानं मोजलं. माया हातच लहान, पोरी. तुया बापाचा साग मीनं वाया घालवला. रोज मनात येते, पन तोंडातून निंगत नाई." आणि तुम्ही हात पुढे करून दाखवलात, कोपरापासून बोटांपर्यंत. खरोखर लहान होता. मी म्हणाले, "दोरा सरला."

पण त्या दिवसापासून मी तुमच्याशी बोलायला लागले. तुम्ही सांगून मोकळ्या झालात, आणि मी मोठ्या मनाने माफ केल्यासारखी वागले. या नाटकावर आपले पुढचे सगळे दिवस फार छान गेले, हेही तितकंच खरं. ती टेकायची गादी बघून आधी हसणाऱ्या बायकाच मग आपापली जुनी लुगडी घेऊन आल्या. ऐंशी सालाच्या पुढे तुमच्या मुलाला वरठीच्या कारखान्यात काम लागलं, आम्ही तिथे खोली केली, तेव्हा भांड्यांच्याही आधी तुम्ही ती गादी सायकलवर बांधून दिलीत. तिथल्या विटांच्या भिंतीही ओल्याच होत्या. बाबा एकदा राहायला आले, तिला टेकून बसले, पेपर वाचता वाचता झोपून गेले आणि उठल्यावर म्हणाले, "फळीले टेकून अशी झोप लागली नसती." मी हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही किती वेळ पदराने तोंड पुसत होतात. आता रविवारी पणतीसाठी तशीच शिवायची आहे. तणस कुठून आणायचं ते तीच बघते म्हणाली. ती माझ्यासारखी नाही, चुकली तर लगेच सांगून टाकते. तिला पाहिलं की मलाही जमेल असं वाटतं.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिता येतंय. फळी कोरायच्या आधी त्या वाढईने मला बाजूला बोलावलं होतं. बाबा शेतावर होते. तो म्हणाला, "पोरी, दार बाईमानसानं मोजलं असन. बाईचा हात लहान राह्यते. फळी चार बोटं कमी करू काय?" मी म्हणाले, "नाई काका, हाये तेवढीच राहू द्या." मोराची मला फारशी हौस होती असंही नाही. तुमच्या घरी यायची भीती वाटत होती, आणि तिथे माझी म्हणून एक वस्तू तरी सगळ्यांपेक्षा उंच असावी, एवढंच वाटत होतं. तुमचं माप बरोबर होतं, आत्याबाई.