आल्ताराखालच्या खणातली गाणी

मरोळ गावठाण, अंधेरी

प्रिय मर्विन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते न फोडताच ठेवून देशील, अशी मला धास्ती आहे. मरोळ ते मानखुर्द एवढंच अंतर, आणि सख्खी बहीण टपालाने बोलतेय. आई गेल्यापासून सहा वर्षं तू फोन उचलत नाहीस, मग काय करू? पण आज भांडायला लिहीत नाही. गेले पंधरा दिवस मी एका वेगळ्याच जगात फिरून आलेय, आणि ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आईच्या गाण्यांची वाट लागली होती. शेवटच्या वर्षात ती अंथरुणावर बसून म्हणायची आणि मी मोबाइलवर रेकॉर्ड करायचे. हळदीची, लग्नाची, लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायला बायका विहिरीवर जातात तेव्हाची, एकूण एकेचाळीस गाणी. ती सगळी येणारं गावठाणात आता कुणीच उरलेलं नाही. तो मोबाइल पुढे बंद पडला. मी शहाणीने ती हार्ड डिस्कवर ठेवली, बॅकअप म्हणून पेन ड्राइव्हवरही घेतली, आणि दोन्ही घरातल्या क्रूसाच्या आल्ताराखालच्या खणात ठेवून दिली. आपल्या घरात मोलाचं काहीही तिथेच जातं ना, बाप्तिस्म्याचे दाखले, आईच्या बांगड्या, सगळं. यंदा चर्चच्या फेस्ताला, सणाला म्हणून, मी आल्तारावर मोठी फुलदाणी ठेवली. ती तडकलेली आहे हे मला कुठे ठाऊक? दोन दिवस पाणी झिरपत खणात गेलं. पेन ड्राइव्ह मेलीच. हार्ड डिस्क पुसून जोडली तर एकही गाणं उघडेना, आणि कॉम्प्युटर विचारतो, फॉरमॅट करू का? जसं काही चहा टाकू का विचारतोय. मी घाबरून वायरच उपटली.

मालाडला सुबोध म्हणून एक जण बिघडलेल्या डिस्कमधून फाइल्स काढून देतो, असं चर्चमधल्या निकोलने सांगितलं. त्याने आधी मला झापलं. आंटी, दोन कॉप्या एकाच खणात म्हणजे एकच कॉपी, एक तरी घराबाहेर पाहिजे. आणि ओली डिस्क जोडून बघायला कोणी सांगितलं होतं? तीस वर्षं शाळेत मी मुलांना झापत आले, पण इथे मुकाट ऐकून घेतलं. मग मात्र मी इतके प्रश्न विचारले की बिचाऱ्याने मला बसायला स्टूल दिलं. मर्विन, तुला माहीत होतं का, फाइल पुसली तरी ती लगेच जात नाही? यादीतली तिची नोंद तेवढी जाते. तिच्या जागेवर दुसरं काही येऊन बसेपर्यंत ती असते तिथेच. मला याचं इतकं नवल वाटलं की मी त्याला दोनदा विचारून खात्री करून घेतली.

आठवड्याने त्याने बोलावलं. गाणी मिळाली होती, पण फाइल्सची नावं गेली होती, राहिले होते नुसते आकडे. कुठलं गाणं कुठलं ते ऐकून मीच सांगायचं. हेडफोन लावून बसले. आईचा खोकला, मध्येच चहा मागणं, शेजारच्या रेमंडच्या कोंबड्याला घातलेल्या शिव्या, सगळं जसंच्या तसं. मी हसत होते आणि रडतही होते, सुबोध बघतच राहिला. अडतीस गाणी धड निघाली, दोन अर्धवट, एक कायमचं गेलं. मोजून झाल्यावर तो म्हणाला, आंटी, अजून एक आहे, पण हे पाण्याने नाही गेलेलं, हे जुनं आहे, कुणीतरी मुद्दाम डिलीट केलेलं.

ते मी केलं होतं.

शुभा आपल्यातली नाही म्हणून आई तुझ्या लग्नाला आली नाही, हे तू विसरणार नाहीस. पण जाण्याच्या महिनाभर आधी, एका दुपारी, तिने स्वतःहून मला मोबाइल चालू करायला लावला आणि उंबराच्या पाण्याचं गाणं म्हटलं. त्यात नवरा-नवरीची नावं घालतात ना, तिथे तिने तुझं आणि शुभाचं नाव घातलं. शेवटी म्हणाली, ‘एथेल, हे मर्विनला पाठव गो. सुनेला घरी आण सांग.’ तीन वर्षं तिचं हगणंमुतणं मी काढलं, आणि तिच्या तोंडी तुम्ही दोघं. माझा नुसता जळफळाट झाला. ते गाणं बाकीच्यांबरोबर डिस्कवर उतरलं होतं, मी तिथून पुसलं, मोबाइलवरूनही पुसलं. तिला मात्र पाठवलं म्हणून सांगितलं. तिला माती दिल्यावर सिमेटरीच्या फाटकाशी तू मला विचारलंस, आईने माझं नाव काढलं होतं का? मी नाही म्हणाले. खोटं बोलले, मर्विन. ते गाणं सोबतच्या पेन ड्राइव्हवर आहे. माझ्यावर हवा तेवढा राग धर, पण आधी शुभाला ऐकव. सासूने आपल्याला घरी बोलावलं होतं, हे तिला सहा वर्षं कळलेलंच नाही.

तुझीच, माफ केलंस तर,
एथेल