उलार भरलेला ट्रेलर

दुलारीताई, तुला अन् आईला टिकेशचा दरेकशावरून नमस्कार.

मी बरा आहे. इथे फोन लागत नाही, म्हणून चिठ्ठी लिहून राहिलो.

आमच्या पर्यटकांच्या कॅम्पच्या जीपला मागून हुक बसवला, झोपायचा छोटा ट्रेलर जोडला. शनिवारी तो मीच इटियाडोह धरणावर आणणार होतो. तिथून आपलं केशोरी कितीसं दूर! रविवारी ओमेश्वरीला पाहायला पाहुणे येण्याआधी तिला मागायला तिच्या बाबांसमोर उभा राहिलो असतो.

पण घाईत पाण्याचे सगळे कॅन मागच्या टोकाला भरले. घाटात ट्रेलर शेपटीसारखा हलला. मालक ओरडला, "काऊन बे, बंडी कधी हाकली नाही? उलार भरून राहिला!" मागे जड झालं की पुढचं उचलतं, हे आपल्या बाबांनी बैलबंडीवर किती वेळा शिकवलं होतं. तरी मीच मालकाशी भांडलो. त्याने जीपची चावी कॅम्पवरच्याच हेमेंद्रला दिली.

ही चिठ्ठी आणणारा तोच. त्याला जेवू घाल, त्याचा दोष नाही.

आईचा गुडघा कसा आहे? ओमेश्वरी रडून तर नाही राहिली? तिला म्हणावं, धरणावर जाऊन ट्रेलर पाहून ये. हुक मीच आवळला आहे.

तुझाच,
टिकेश