शालूच्या शेजारचा पाट

आज कचेरीतून आले: मुद्रांक कागद एक, किंमत दीड रुपया. मृत्युपत्राला तो लागत नाही, हे आणणाऱ्याने घरी पोचल्यावर सांगितले. माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या बाईने आधी विचारायला हवे होते. आता वाया जाऊ नये म्हणून त्यावरच लिहिते.

मी वच्छला, कै. शालिकराम राऊत यांची पत्नी, वय बावन्न, राहणार अमरावती, देवाला स्मरून, शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. शुद्धीबद्दल दिरांचे मत वेगळे आहे. पोटातल्या गाठीबद्दल डॉक्टर स्पष्ट सांगत नाहीत, म्हणून मी स्पष्ट लिहिते.

१. दोन खोल्यांचे घर व पोस्टातली शिल्लक माझी एकुलती मुलगी शालू, वय चोवीस, हिची. तिची बुद्धी लहान पोरीची आहे, हे गल्लीने मला इतक्यांदा सांगितले आहे की लिहायला संकोच नाही. ती बरी व्हावी म्हणून मी सोमवार, गुरुवार, शनिवार धरले. ती आहे तशीच आहे. मी बारीक झाले आणि ज्वारी वाचली.

२. दीर वामनराव म्हणतात, "तिले घराचं काय कळते? माह्या नावानं करून टाका." त्यांनी आजवर दिलेला सर्व सल्ला त्यांना परत. न वापरता ठेवला आहे.

३. देव्हारा शालूचा. आरतीत ती टाळ्या भलत्याच ठिकाणी वाजवते. देवाने तक्रार केली नाही, बायांनी केली. लोक मला सोशीक म्हणतात. मी जपमाळ ओढत असे खरी, पण प्रत्येक मण्यावर नाव देवाचे नव्हते.

४. नणंद पार्बताबाई, राहणार अकोट, यांच्यावरचा राग. पुतण्याच्या लग्नात वाढप पुरे होण्याआधीच शालू जेवू लागली. पार्बताबाई भर पंगतीत म्हणाल्या, "वयनी, काहून आणलं वो इले?" बाकीच्या बाया आपापले पाट उचलून दूर बसल्या. पार्बताबाई मात्र तिच्या शेजारच्या पाटावर बसल्या. "मलेही भूक लागली बाप्पा," म्हणून घास घेतला. मी शब्द धरून बसले, पाट विसरले. नऊ वर्षे बोलले नाही. हा राग माझ्यामागे रद्द समजावा. शालूचा सांभाळ व घराची देखरेख पार्बताबाईंनी करावी. शालू आहे तोवर घर विकू नये.

साक्षीदार:
नत्थुजी गणोरकर, भाजीवाले
इंदूबाई देवराव ठाकरे, शेजारीण (टाळ्यांची तक्रार हिचीच, सही सुरेख करते)

सही: वच्छला शालिकराम राऊत
अमरावती, ता. १४ ऑगस्ट १९६३

ता. क. पार्बताबाई, ही नक्कल तुमच्यासाठी. सोबत जवाबी कार्ड आहे, पत्ता मीच घातला आहे. शालू अजूनही वाढप संपायची वाट पाहत नाही. चालत असेल तर "घेऊन या" एवढेच लिहा. उलट टपाली.