सुतकातलं रक्त

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सातला वाडीला पाणी सोडलं, पूजा आटोपली आणि बोईसरला जाऊन दंडात पहिलं इंजेक्शन घेतलं. आता शुक्रवारपर्यंत रोज एक. हाडांच्या आतल्या मगजात रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी असतात. या औषधाने त्या वाढतात आणि रक्तात उतरतात. शुक्रवारी मुंबईला मशिनवर त्या माझ्या रक्तातून वेगळ्या काढतील आणि त्याच दिवशी ललितला देतील.

ललित माझा धाकटा भाऊ. बेचाळीस वर्षांचा. रक्ताचा कॅन्सर!  ताईच्या पेशी त्याच्याशी जुळल्या नाहीत, माझ्या जुळल्या — दहापैकी दहा. ललित फोनवर म्हणाला, दादा, गणितात पस्तीसवर सुटलेला तू, इथे बरे पैकीच्या पैकी!

११ फेब्रुवारी

कंबर, मांड्या, छातीचं हाड — सगळं आतून ठणकतंय. नर्स वैभवी म्हणते, दुखतंय म्हणजे औषध लागू पडतंय. मला कण्हताना बघून बाबा म्हणाले, घरात काठी एकच हाय, आता वाटून घेऊ.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बाबा गेले.

ताप नाही, काही नाही. सकाळी अंगणात खुर्चीवर बसून पेज प्यायले. वाटी माझ्या हातात दिली. मी ती विसळून येतो तर मान कललेली. मी वाटी धरून तसाच उभा. किती वेळ, माहीत नाही. माझी बायको जयवंती ओरडली तेव्हा भान आलं.

बोईसरला जाणं शक्यच नव्हतं. वैभवी स्कूटरवरून इथे आली. बाबा अंगणात निजवलेले आणि मी मागच्या पडवीत बाही वर करून बसलेलो. तिने सुई टोचली तेव्हा मला रडू आलं. ती समजली, दुखलं म्हणून.

संध्याकाळी डोकं भादरलं. अग्नी दिला. ललितची बायको रूपल दवाखान्यात त्याच्याजवळ आहे. तिचा फोन आला. डॉक्टर म्हणतात, त्याला इतक्यात सांगू नका.

१३ फेब्रुवारी

उद्या तिसरा दिवस. अस्थी गोळा करायच्या. ज्याने अग्नी दिला त्यानेच. त्याने दहा दिवस शीव ओलांडायची नाही, ही आमच्याकडची रीत. आणि उद्याच मुंबई!

ललितच्या डॉक्टरीणबाईंना फोनवर विचारलं, दहावा होईपर्यंत पुढे ढकलता येईल का? त्या शांतपणे म्हणाल्या, तुमच्या भावाच्या हाडांतला मगज आम्ही औषधांनी मारलाय. आता त्याच्या अंगात नवं रक्त तयार होत नाही. तुम्ही आला नाहीत तर त्याच्याकडे काहीच नाही.

काहीच नाही! हे आधीही सांगितलं होतं त्यांनी. मी मान डोलावली होती. कळलं आज.

प्रदीपकाका, बाबांचे चुलतभाऊ, दारात येऊन बसले. मी सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "क्रियेला बसलेला मानूस तू. सुतकातलं रगत देशील, ते त्याला बाधलं तर? बाप गेला, आता भाऊबी घालवशील."

 मलाही तीच भीती. देवापुढे बसावं म्हटलं तर सुतकात देवघरात जायचं नाही. दिवा शेजारची प्रियदर्शिनी लावून जाते. मी उंबऱ्याबाहेरूनच बघत राहिलो.

मेघाली, माझी लेक, म्हणाली, "अस्थी मी आणते. तुम्ही ललितकाकाकडे जा." आमच्या गावात बायका स्मशानात जात नाहीत. भटजींना फोन लावला. ते म्हणाले, मुलीने आणल्या तर चालेल. प्रदीपकाका उठून गेले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पहाटे वैभवीने शेवटचं इंजेक्शन दिलं. गावातल्या मनीषच्या गाडीने मनोरवरून मुंबई. साडेचार तास मशिनवर. एका हातातून रक्त जातं, दुसऱ्या हातात परत येतं. ओठांना मुंग्या आल्या. तिथल्या नर्सने दूध आणि टोस्ट पुढे केले. क्रियेत बाहेरचं खायचं नसतं. खाल्लं. पिशवीत जमलं ते लालसर, फिकं, जेमतेम दोन पेले. एवढंच?

मग काचेतून ललित दिसला. हाडं वर आलेली, डोक्यावर एक केस नाही. माझ्याकडे बघतच राहिला. आतल्या फोनवर म्हणाला, "दादा, माझ्यासाठी काढलेस केस?"

मी मान हलवली. हो म्हणून.

घरी आलो तेव्हा अस्थींचं मडकं बाहेर पेरूला टांगलेलं होतं. मेघाली न जेवता थांबली होती.

१८ फेब्रुवारी

ललितचा फोन. बाबांना दे म्हणतो. मी म्हटलं, झोपलेत. काल म्हटलं होतं, वाडीत गेलेत. क्रियेत बसून रोज खोटं बोलतो आहे.

२१ फेब्रुवारी

दहावा. कावळा दोन तास पिंडाला शिवला नाही. लोक बाबांचं नाव घेऊन त्यांना म्हणत होते, ललितचं सगळं नीट करू, चंद्रभानदादा, काळजी करू नका. नाहीच शिवला. शेवटी दर्भाचा कावळा करून भागवलं.  

२८ फेब्रुवारी

रूपलचा फोन. पांढऱ्या पेशी वाढायला लागल्या! माझ्या पेशी त्याच्या हाडांत रुजल्या. बाधलं नाही.  जयवंती म्हणाली, आता तरी सांगा त्याला. डॉक्टरीणबाईंना विचारलं. म्हणाल्या, सांगा, पण समोर येऊन.

२ मार्च

काचेबाहेर उभा राहून ललितला सांगितलं. बाबा बारा तारखेलाच गेले. केस तुझ्यासाठी काढले नव्हते, खोटं बोललो.

तो भिंतीकडे तोंड करून बसला. फोन कानालाच होता. मग त्याने विचारलं, "मला मग सूतक किती दिवस, दादा?"

म्हटलं, ऐकल्यापासून दहा.

"इथे एकट्यालाच?"

बाहेर येऊन चपला, सुतकात घालायच्या नसतात म्हणून, मनीषच्या गाडीत ठेवल्या. जयवंतीला फोन केला, आजपासून पुन्हा दहा दिवस. त्याच्याबरोबर मी पण.