लग्नाची तारीख वॉशिंग्टनहून

चोआ चू कांग, सिंगापूर
२ ऑक्टोबर

ती. बाबांना सप्रेम जय भीम.

आखातातली लढाई चालू ठेवायची तर राष्ट्राध्यक्षांनी काँग्रेसची परवानगी घ्यावी, असा ठराव वॉशिंग्टनच्या सिनेटने मंजूर केला. बातमी पक्की आहे. नरेशच्या कप्तानानेच ती जहाजावर वाचून दाखवली. आपल्या नरेशचा टँकर अजून इथेच नांगर टाकून आहे. लढाई थांबली तर बदली माणूस येऊन त्याला रजा, नाहीतर त्यालाच तेल भरायला थेट आखात.

प्रणिता आंग मो किओहून ऑफिस सुटलं की आमच्याकडे येते. लग्नाचं विचारलं की माझी होणारी भावजय हसते, आणि पोळ्या करपवते. फोनवर आपलं भांडण होतं, म्हणून पत्र लिहून त्याचा फोटो पाठवतेय.

रागावलात तरी माया आटू देऊ नका.

तुमची अंजली

नागपूर
४ ऑक्टोबर

चि. अंजलीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून लगेच कामाला लागलो. जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं. सभागृहाने ठरवलं की राष्ट्रपतींनी सही करायची, एवढं मला कळतं. लढाई संपली समज. महिनाअखेरचा हॉल धरला, पत्रिका छापायला दिल्या. तुझी बेबीआत्या म्हणाली, दादा, जरा थांब. तिला म्हटलं, घटना तू शिकवलीस की मी? नरेशला सांग, दाढी करून ये.

इकडची काळजी नको. तिकडची खुशाली कळवत जा.

तुझे बाबा

चोआ चू कांग
७ ऑक्टोबर

ती. बाबांना जय भीम.

पत्रिका थांबवा. आपल्याकडे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात; तिथे राष्ट्राध्यक्षच सरकार आणि तेच सरसेनापती. युद्ध पुकारायचा अधिकार काँग्रेसचा, सैन्य हलवायचा त्यांचा. ठराव अजून दुसऱ्या सभागृहात जायचाय. तिथे मंजूर झाला तरी राष्ट्राध्यक्ष तो नाकारू शकतात, आणि मग तो तारायला दोन्हीकडे दोन-तृतीयांश मतं लागतात. या ओढाताणीत महिने जातील.

नरेश म्हणाला, ताई, बाबांनी खानदानात कुणाला मुहूर्त पाहू दिला नाही, आणि माझा सिनेटकडून काढतायत. मी हसले. प्रणिता हसली नाही. म्हणाली, जहाज जाणारच असेल तर मला त्याची बायको म्हणून वाट बघायची आहे.

अठराला, रविवारी, त्याला दिवसभर किनाऱ्यावर उतरता येईल. आमच्या इमारतीखालची मोकळी जागा मिळाली, भन्तेंशी बोलले. प्रणिताचे आईवडील निघतायत. फक्त तुमचा होकार राहिलाय. तुमच्याविना नको, असं दोघंही म्हणतात.

माझं बोलणं लागलं असेल तर पोटात घाला.

तुमची अंजली

नागपूर
१२ ऑक्टोबर

चि. अंजलीस आशीर्वाद.

हॉल सोडला. छापखान्यातला माणूस मनापासून हसला. राष्ट्राध्यक्षाने सभागृहाला विचारायला हवं म्हणून मी इथे वाद घालतो, आणि घरात तारीख ठरवताना पोरांना विचारलं नाही. बेबीला हे सांगू नकोस. ती शेजारी बसून वाचतेच आहे.

माझा होकार आहे. माझा आणि बेबीचा व्हिसा आला. प्रणिताला सांग, तिची सासू असती तर तिनेही हेच म्हटलं असतं.

दुसऱ्या सभागृहात मतदान वीस तारखेला आहे, आणि जहाजाचं काय ते कंपनी त्यानंतर ठरवेल. आम्ही शनिवारी पहाटे उतरतो. लग्न रविवारी अकरा वाजता.

तुझे बाबा